इंजिन बंद, काच खाली

सोमवार, कोगनोळी ते बेळगाव

शाळेला उन्हाळी सुट्टी लागली तसा मामांना फोन लावला आणि या ट्रिपला तुमच्यासोबत येतो म्हणालो. मामा तीसेक वर्षं ट्रक चालवतात. सध्या कोल्हापूरच्या एका मालकाची दहाचाकी त्यांच्या हातात आहे. शिरोलीतून लोखंडी माल भरायचा, बेळगावच्या उद्यमबागेत खाली करायचा, तिथून अथणीकडे जाऊन साखर भरायची आणि ती गोव्यात पोचवायची. मी खानापूरपर्यंत जाणार होतो. मला बघायचं होतं ते एवढंच की ही माणसं झोपतात कशी. मामी कायम सांगत आलीय, "घरात पाऊल टाकलं की आडवे होतात. जेवायलासुद्धा हलवून उठवावं लागतं."

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कर्नाटक लागतं. रस्त्याकडेच्या पाट्या बदलतात, ऊन तेच. मामांच्या गाडीची केबिन बॉडीवाल्याने बांधलेली आहे: लाकडी सांगाडा, वर पत्रा, आतून तपकिरी रेक्झिन. ड्रायव्हर आणि किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, यांच्या मधोमध इंजिनाचं बॉनेट, त्यावर गोणपाट आणि गोणपाटावर जुनी सतरंजी. मागे झोपायची फळी. माणूस झोपतो ती जागा आणि इंजिन यांच्यामध्ये एक पत्रा आणि थोडा काथ्या, बस. मी फळीवर बसलो तर मांड्यांना खालून धग लागत होती.

निपाणी मागे पडताना मामांनी डावीकडे बोट केलं. तंबाखूचा शेतकरी 1981 मध्ये याच रस्त्यावर बसला होता आणि शेवटी गोळीबार झाला. मामा तेव्हा शाळकरी पोर. रस्त्याकडेला अडकलेल्या गाड्यांची रांग त्यांना आठवते आणि त्या ड्रायव्हरांना गावातून भाकरी जायच्या तेही आठवतं. "तवा गावानं बघितलं," मामा म्हणाले, "आता गाडी रोजच कुटंतरी अडकलेली असती. कोण बघतंय?"

तवंदी घाटात माल भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढते तेव्हा केबिनमध्ये बसवत नाही. वारा नाही, वेग नाही, आणि इंजिन पूर्ण ताकदीने पेटलेलं. संकेश्वर, हत्तरगी, मग वंटमुरीचा घाट. बेळगावला पोचलो तेव्हा संध्याकाळची गर्दीची वेळ होती, जड गाड्या आत सोडत नव्हते. सर्व्हिस रोडला गाडी लावून रात्री नऊपर्यंत थांबलो. त्या मानाने बेळगावची हवा दयाळू. शहर उंचावर आहे, मे महिन्यातही सूर्य कलला की वारा सुटतो. उद्यमबागेत फौंड्रीच्या बाहेर गाडी लावली आणि दोन्ही काचा खाली केल्या. शेजारच्या गटारातले डास आत आले. काचा वर केल्या तर घाम फुटला, पुन्हा खाली केल्या. किन्नर पोरगं टपावर ताडपत्रीत गुंडाळून झोपलं. मामा फळीवर, मी सीटवर.

मंगळवार, हत्तरगी, चिकोडी, रायबाग, कुडची

दुपारी बारापर्यंत गाडी खाली झाली. मोकळी गाडी घेऊन हायवेने परत निघालो आणि हत्तरगीच्या अलीकडे एका धाब्यावर जेवायला थांबलो. शेजारच्या बाजेवर एक पंजाबी ड्रायव्हर बसला होता. कंटेनर घेऊन बंगळूरकडे निघालेला. गाडी कोरी करकरीत, एसी केबिनची. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या प्रत्येक मध्यम आणि जड ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. साडेतीन टनांच्या वरची गाडी म्हणजे ती आलीच. अधिसूचना डिसेंबर 2023 मध्येच निघाली होती. मामांनी कौतुकाने त्याची केबिन बघून घेतली आणि लगेच कळीचा प्रश्न विचारला, "रात को चलता है क्या?"

नाही चालत. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, एसी बंद. गाडी पळत असते तोवर थंडगार आणि झोपायला उभी केली की पुन्हा तीच तापलेली पेटी. शिवाय बंद काचांची केबिन चांगली सील केलेली, म्हणजे वारा यायलाही फट नाही. इंजिन चालू ठेवून झोपलास तर, असं मी विचारलं. त्याने मान हलवली. मालकाच्या फोनवर सगळं दिसतं: गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, किती वेळ चालू आहे. दुसऱ्या दिवशी विचारणा होते.

त्याचा चुलतभाऊ अमेरिकेत कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. तिथे हा प्रश्न कायद्यातच आहे. उभ्या जड डिझेल गाडीचं इंजिन पाच मिनिटांच्या वर चालू ठेवता येत नाही, आणि 2008 पासून झोपायच्या केबिनच्या ट्रकलाही हाच नियम लागू आहे. न्यूयॉर्क शहरात तर तीनच मिनिटं. कारण सरळ आहे. रात्रभर घुरघुरणाऱ्या शेकडो इंजिनांचा धूर शेजारच्या वस्तीतल्या पोरांच्या छातीत जातो. पण तिथे नियमाबरोबर वाटही काढलेली आहे. बरेच ट्रकवाले केबिनच्या मागे एक छोटं वेगळं इंजिन बसवतात, ते थोडक्या डिझेलवर गारवा देतं. काही थांब्यांवर गाडीला बाहेरून वीज जोडता येते. उभं असतानाही पुरेसा कमी धूर सोडणाऱ्या इंजिनांना सूट आहे. तरीही भाऊ उन्हाळ्यात कुरकुरतो, कारण छोटं इंजिन बिघडलं की त्यालाही घामात लोळावं लागतं.

मामा हे सगळं ऐकत भाकरी मोडत होते. "म्हंजे तिकडं सरकार इंजिन बंद करायला लावतंय आन् हितं मालक," म्हणाले. मला वाटतं फरक याहून मोठा आहे. तिकडे इंजिन बंद करायला सांगणाऱ्याला ड्रायव्हर मग कसा झोपणार या प्रश्नाचं काहीतरी उत्तर द्यावं लागलं. इकडे तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

चिकोडी, रायबाग करत कुडचीला कृष्णा ओलांडली. नदीत पाणी असं नव्हतंच, वाळूच्या पट्ट्यांमधून एक बारीक धार. जसजसं पूर्वेला सरकावं तसतशी हवा कोरडी आणि जाळणारी होत जाते. खानापूरच्या जंगलातला उन्हाळा आणि अथणीच्या माळावरचा उन्हाळा एकाच जिल्ह्यात बसतात हे खरं वाटत नाही.

मंगळवारची रात्र, कारखान्याचं यार्ड

अथणी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या यार्डात संध्याकाळी गाडी लागली. आमच्या आधी बऱ्याच गाड्या होत्या. गळीत हंगाम संपला तरी गोदामातली साखर वर्षभर उचलली जाते. केंद्र सरकार महिन्याचा कोटा ठरवतं, व्यापाऱ्याची डिलिव्हरी ऑर्डर येते, मग काटा, मग हमालांची टोळी मोकळी झाली की नंबर. यातलं काहीही ड्रायव्हरच्या हातात नसतं.

गेटवर कन्नडमध्ये पाटी होती. मामांना कन्नड वाचता येतं: आत इंजिन बंद ठेवावे. वॉचमन शिट्टी घेऊन फिरत होता आणि प्रत्येक केबिनला सांगत होता, "इंजिन बंद माड्री अण्णा." आमच्या पलीकडच्या गाडीवाल्याने मोबाईल चार्ज करायला म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं, त्याला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गेटपास काढून घेतो म्हणाला. मी वॉचमनजवळ जाऊन बोललो. वयस्कर माणूस, मराठी छान बोलायचा. यार्डाच्या भिंतीला लागून कामगारांची चाळ आहे. धुराने पोरं खोकतात म्हणून बायकांनी तक्रार केली होती. दुसऱ्या बाजूला भुशाचा डोंगर, ठिणगी पडली तर संपलंच. पाटी त्यानंतर लागली. त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. चाळीच्या खिडक्या मी बघितल्या, यार्डापासून वीस पावलांवर होत्या. नियम चुकीचा नाहीच.

पण मग रात्र सुरू झाली.

मी घरातलं भिंतीवरचं थर्मामीटर मुद्दाम सोबत घेतलं होतं. अकरा वाजता बाहेर 29 अंश होते. केबिनमध्ये फळीच्या उंचीवर टांगलं तर पारा 36 वर जाऊन थांबला. दिवसभर तापलेला पत्रा वरून आणि इंजिनाचं लोखंड खालून. इंजिन बंद करून चार तास झाले होते तरी बॉनेटवर तळवा टेकवत नव्हता. मामांनी पद्धतशीर तयारी केली. ती वर्षानुवर्षांची असावी, हात आपोआप चालत होते. गोणपाट कॅनमधल्या पाण्यात बुडवून पिळलं आणि बॉनेटवर पसरलं. पंचा भिजवून मानेभोवती घेतला. खिडकीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चार चिमट्यांनी लावला. डॅशबोर्डवरचा छोटा पंखा सुरू केला आणि अर्ध्या तासाने बंद केला. बॅटऱ्या जुन्या आहेत, उतरल्या तर सकाळी सेल्फ मारणार नाही आणि नंबर गेला तर आणखी एक दिवस. गोणपाटाची ओल तासाभरात उडाली. त्यातून गरम तागाचा आणि डिझेलचा वास केबिनभर भरून राहिला. मामा उठले, पुन्हा भिजवलं. रात्रीतून ते असे किती वेळा उठले ते मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी फळीचं करकरणं ऐकून मी जागा होत होतो.

बाहेर जाऊन झोपा की, असं मी म्हणालो. गेटजवळ सिमेंटचा कट्टा होता, वाराही होता. मामांनी केबिनच्या बाहेर डोकं काढून टाकीकडे बोट दाखवलं. ड्रायव्हर केबिनमध्ये नाही हे कळलं की पाइप घालून डिझेल ओढणारे यार्डातही असतात आणि हायवेलाही. बॅटऱ्या जातात, स्टेपनी जाते, भरलेली गाडी असेल तर ताडपत्री फाडून पोती जातात. जे जाईल ते ड्रायव्हरच्या हिशेबातून कापलं जातं. त्यामुळे तो गाडीपासून लांब झोपूच शकत नाही. केबिनच्या उकाड्याबद्दल बोलणारे बहुतेक जण हे विसरतात. खाट टाकून दिली म्हणजे सोय झाली असं नाही. गाडीवर डोळा ठेवणारा कुणीतरी हवा, तरच खाटेवर झोप येईल.

माणसाचं अंग झोपताना थंड व्हावं लागतं. संध्याकाळपासून शरीराचं तापमान हळूहळू उतरतं, पहाटे चारच्या सुमारास सर्वांत खाली असतं, आणि ही उतरण झाली तरच गाढ झोप लागते. भोवतालची हवाच अंगाएवढी गरम असेल तर उष्णता जायची कुठे? मग माणूस पडून राहतो, घामाने निथळतो, डोळे मिटतात, पण अंगाला आराम मिळत नाही. मामांचे शब्द: "झोप लागतीया, पण ती झोप न्हवं. डोळं मिटलेलं जागरान हाय ते."

बुधवार, तिथेच

नंबर आला नाही. दुपारी यार्डात सावली म्हणजे गाड्यांचीच. दोन-तीन किन्नर गाडीखाली चटई टाकून झोपले होते. मामांनी एकेकाला पायाने ढोसून उठवलं आणि झापलं. गाडीखाली माणूस आहे हे न बघता पुढची गाडी सरकली म्हणून आपलीही सरकवली आणि घात झाला, हे त्यांनी पाहिलेलं आहे. त्याबद्दल ते जास्त बोलले नाहीत.

आम्ही कँटीनच्या पत्र्याखाली बसून हिशेब केला. मामांची वही मोठी शिस्तीची. मालकाने गाडीचं अॅव्हरेज चारचं धरलंय, म्हणजे लिटरला चार किलोमीटर. उभ्या गाडीचं इंजिन तासाला दीड-दोन लिटर खातं. आठ तासांच्या झोपेला पंधरा लिटर धरले तर नव्वदच्या भावाने साडेतेराशे रुपये होतात. अॅव्हरेजच्या भाषेत ते साठ किलोमीटर. साठ किलोमीटर गाडी न पळवता डिझेल गेलं, ते गेलं कुठे, असा मालकाचा प्रश्न. मालकही वाईट माणूस नाही. त्याच्या दोन गाड्या, दोन्हीवर हप्ते, आणि भाड्याचा दर ठरवणारा व्यापारी वेगळाच. पण शेवटी कमी पडलेले पंधरा लिटर ज्याच्या नावावर लागतात तो ड्रायव्हर.

कायदा कधी नव्हताच असं नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा सांगायचा: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पण तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांचे मालक त्यात येतच नव्हते, आणि आपल्याकडे रस्त्यावरचे बरेचसे ट्रक अशाच मालकांचे आहेत. यार्डातली वाट बघणं कशात मोजायचं, हा तर पुढचा प्रश्न. वाट बघताना ड्रायव्हर काम करत नाही म्हणून पगार नाही, आणि मोकळा नाही म्हणून झोपही नाही.

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी एक हजार विश्रांतिगृहं बांधायचं जाहीर केलं. पेट्रोल पंपांवर तेल कंपन्यांची 'अपना घर' नावाची निवासाची सोयही निघाली आहे, खाट, आंघोळ, स्वयंपाकाची जागा. हे चांगलंच आहे, आणखी व्हायला हवं. पण मामांसारखा ड्रायव्हर महामार्गावर जितका थांबतो तितकाच कारखान्याच्या यार्डात, गोदामाच्या दारात, मार्केट यार्डच्या रांगेत थांबतो. तिथे तो स्वतःच्या मर्जीने थांबलेला नसतो, त्याला थांबवलेलं असतं. माझं म्हणणं साधं आहे: जो गाडी थांबवतो आणि इंजिन बंद करायला लावतो, त्यानेच त्या माणसाच्या झोपेची सोय करावी. साखर ज्याची, गोदाम ज्याचं, पाटी ज्याची, जबाबदारीही त्याचीच.

संध्याकाळी सहाला नंबर लागला. पन्नास किलोची पोती पाठीवर घेऊन हमाल फळीवरून धावत होते. त्यांच्या अंगावरचा घाम बघितल्यावर मामांनी स्वतःच्या कॅनमधलं उरलंसुरलं पाणी त्यांना देऊन टाकलं. काटा होऊन गेटबाहेर पडायला रात्रीचे दहा वाजले आणि मामांनी सरळ गिअर टाकला. थांबू या, झोपू या, असं मी म्हणालो. "पळत्या गाडीत निदान वारं तरी लागतंय," ते म्हणाले. मागची रात्र तशी गेलेली, दिवस पत्र्याखाली काढलेला, आणि आता अठरा टन साखर घेऊन रात्रीचा रस्ता. चिकोडीच्या अलीकडे एकदा गाडी उजवीकडे ओढली गेली. किन्नर पोरग्याने "मामाऽ" म्हणून हाक मारली. मामा काही बोलले नाहीत, पुढच्या पंपावर गाडी आत घेतली आणि पहाटेपर्यंत स्टिअरिंगवर डोकं ठेवून पडले. तिथली हवा जरा गार होती.

गुरुवार, खानापूर

बेळगाव मागे टाकून खानापूर रस्त्याला लागलो की झाडी सुरू होते. दुपारी चारला वळीव कोसळला. पत्रा निवला, पण काचा वर कराव्या लागल्या आणि केबिनमध्ये वाफ धरली. रामनगर, अनमोड करत मामा रात्री घाट उतरणार होते. मला खानापुरात उतरायचं होतं, पण आधी चहाच्या टपरीवर बसून कारखान्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा केला. गोव्याला जाणारे आणखी दोन ड्रायव्हर येऊन बसले.

मी पहिला मुद्दा लिहिला होता वीजजोडणीचा: गाडी उभी असताना बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी हळूहळू येतायत, यार्डात प्लग असले तर चार्ज होतील. मामांनी तो खाली ढकलला. "आधी राखण माग," म्हणाले. गाड्यांवर रात्रभर फिरणारा एक माणूस, कारखान्याच्या पगारावर. तो असेल तर ड्रायव्हर केबिन सोडील. मग चारी बाजूंनी मोकळी, वर जाड छपराची एक शेड, पंखे, बाजा. चाळीकडे तोंड करून नको, चाळीतल्या बायकांना पुन्हा त्रास नको. दुसरा ड्रायव्हर म्हणाला, नंबर फोनवर कळवा, म्हणजे रांगेत गाडी पुढे सरकवायला दर तासाला जागं राहावं लागणार नाही. हे मला सुचलंच नव्हतं आणि याला खर्च जवळजवळ नाही. तिसरा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, आंघोळीला पाणी लिहा. झोपायच्या आधी दोन बादल्या अंगावर घेतल्या तर निम्मं काम होतं. वीजजोडणी शेवटी राहिली.

इंजिन बंद ठेवायची पाटी काढा, असं अर्जात कुठेही नाही. ती राहावी असंच चौघांचंही मत पडलं.

अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये केलाय. कन्नड मजकूर आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी तपासून दिला. येत्या आठवड्यात मी स्वतः अथणीला जाऊन देणार आहे. खाली सही फक्त माझी आहे. मामांची सही मी मागितली नाही, कारण अर्जावर ज्याचं नाव दिसेल त्याची गाडी पुढच्या खेपेला रांगेत मागे जाते, हे यार्डातल्या प्रत्येकाला माहीत आहे.